काल्पनिक जगाचं पुराण लिहिताना खरं काय घडलं ते लेखकाला माहीत असायला हवं का?

खानापूरचा_पाऊस
गेली सहा वर्षं एक जग रचतोय. मनातले मांडेच ते, पण बेळगावात राहून मांडे खायचे नाहीत तर कुठं खायचे! जगाचं नाव ऐनमाळ. कल्पना कणकुंबीच्या वाटेवर सुचली. मलप्रभा तिथं उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे निघते. म्हादईसुद्धा आमच्याच तालुक्यातली, पण ती पश्चिमेला घाट उतरते आणि गोव्यातून समुद्राला मिळते. म्हणजे ढग एकच. थेंब इकडं पडला तर बंगालचा उपसागर, तिकडं पडला तर अरबी समुद्र.

ऐनमाळावर अशाच दोन बहिणी आहेत, तामा आणि ऐनी. डोंगरकर लोक सांगतात की वाटणीवरून त्यांचं भांडण झालं आणि पाठीला पाठ लावून दोघी दोन दिशांना गेल्या. मीठकर सांगतात, भांडण कसलं? ऐनी मीठ आणायला समुद्राकडं गेली आणि दरवर्षी मिरगाला पाऊस होऊन माहेरी येते. म्हणून त्यांच्या बायका पहिल्या पावसाची ओटी भरतात.

आणखी एक. माझ्या मावशीच्या गावात देवळामागं एक वीरगळ आहे, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, थोडा मातीत रुतलेला. येता-जाता कुणीतरी तेल घालतं, त्यामुळं माथा काळा तुकतुकीत आणि पाया भुरा. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. खाली लढाई, मध्ये मेलेल्या वीराला घेऊन चाललेल्या अप्सरा, वर शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला तोच वीर, माथ्यावर चंद्र-सूर्य. लहानपणी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी वरून खाली वाचायचो. माझ्या लेखी एक देवमाणूस पूजेला बसला होता, त्याला दोन बायकांनी धरून खाली आणला आणि लोकांनी मारला. रडायचो मी.

तो दगड मी ऐनमाळावर नेऊन रोवलाय. डोंगरकर खालून वाचतात: माणूस होता, मेला, देव झाला. मीठकर वरून: देव होता, उतरला, माणसांनी मारला. सगळं वैर त्या एका दगडावरून.

मसुदा वाचून मित्र म्हणाला, "पण खरं काय?" म्हटलं, मलाही माहीत नाही. तो म्हणाला, "तुलाच माहीत नाही तर आम्ही कशाला वाचायचं?" माझं मत असं की लेखकाला माहीत असायची गरजच नाही. बोला.

तिसरं_गेट_टिळकवाडी
मित्राला माझा नमस्कार सांग. खऱ्या जगात देवाला विचारता येत नाही म्हणून दहा कथा चालतात. तुझा मसुदा मीही वाचलाय. नवव्या प्रकरणात ऐनी स्वतः पाण्यातून वर येते, नावाड्याशी पानभर बोलते. मग त्या नावाड्यानं सरळ विचारावं की नाही, "बाई, तुमचं भांडण झालं होतं काय?" तो विचारत नाही, कारण उत्तर तुझ्याकडं नाही. हा नावाड्याचा भिडस्तपणा नव्हे, तुझी सोय आहे.

शिवाय ऐनीच्या पाण्यात घेतलेली शपथ मोडली की माणूस मुका होतो, असं तू लिहिलंस. का होतो? शपथ मोडल्याचा तिला एवढा राग का? याचं उत्तर पुराणात नसेल तर कुठं असेल?

शहापूरची_सून
सौंदत्तीला जाऊन या दादा. मलप्रभेवर पाणी आणायला जाणारी रेणुका, वाळूचा घडा, सापाची चुंबळ, मन चळलं, जमदग्नीचा कोप, परशुरामानं आईचं मस्तक उडवलं. इथपर्यंत सगळे एका वाटेवर. पुढं फाटे. एका कथेत जिवंत करताना धडं-मस्तकं बदलली. माहूरला तिचं मुखच पुजतात. तिथली कथा अशी की ती जमिनीतून वर येत होती, परशुरामानं नको तेव्हा मागं वळून बघितलं, तेवढंच वर आलं. माझ्या सासूबाई दोन्हीकडं जाऊन आल्यात. यातली खरी कुठली असं विचारलं तर म्हणतील, "तुला यायचं नसलं तर सरळ सांग."

तिसरं_गेट_टिळकवाडी
ताई, सासूबाई भक्त आहेत, त्यांना गरज नाही. कादंबरीचा वाचक भक्त नसतो, तो तीनशे रुपये मोजून आलेला असतो.

निपाणीचे_मास्तर
वादात पडत नाही म्हणत होतो, पण राहवलं नाही. हलशी खानापूर तालुक्यातलीच. कदंब राजघराण्याचे ताम्रपट तिथं सापडले. या कदंबांच्या मूळ पुरुषाची गोष्ट बघा. पाचव्या शतकातला तालगुंदचा शिलालेख सांगतो की मयूरशर्मा नावाचा ब्राह्मण शिकायला कांचीला गेला, तिथल्या पल्लव राजांच्या घोडेस्वाराशी त्याचं भांडण झालं, अपमान सहन होईना, तेव्हा दर्भ धरायच्या हातात त्यानं तलवार धरली. घराजवळ कदंबाचं झाड होतं म्हणून कुळाला ते नाव.

आता काही शतकं पुढं या. नंतरच्या कदंबांच्या लेखांत मूळ पुरुष आहे त्रिलोचन कदंब. शंकराच्या घामाचा थेंब कदंबाच्या मुळाशी पडला आणि तीन डोळे, चार हात घेऊन तो जन्मला! भांडून शाळा सोडलेल्या विद्यार्थ्याचा त्रिनेत्री वीर झाला. राज्य पुढं वाढत जातं, पुराण मागं वाढत जातं. तुमच्या ऐनमाळात सगळ्याच कथा एका वयाच्या वाटतात, ती मला खरी अडचण वाटते. कुठली आधीची, कुठली नंतर रचलेली, याचा वास यायला हवा.

तिसरं_गेट_टिळकवाडी
मास्तर, तुम्ही माझंच काम केलंत. तालगुंदचा लेख आहे म्हणून तुम्हाला कळलं की घामाचा थेंब मागाहून आला. खाली काहीतरी घडलेलं होतं, वर थर चढले. ऐनमाळात खाली काहीच नाही, थरच थर. आधी पुरलंच नाही तर उकरायचं काय? 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला टॉल्कीन बघा. हजारो वर्षांचा इतिहास, वंशावळी, भाषा, सगळं पक्कं करून मग बसला.

शहापूरची_सून
पक्कं कुठलं? टॉल्कीन १९७३ मध्ये गेले तेव्हा ती पुराणं अपुरीच होती. मुलानं कागद लावून, कुठला मसुदा घ्यायचा ते ठरवून १९७७ मध्ये 'सिल्मरिलियन' छापलं. त्यांच्या जगातली पृथ्वी आधी सपाट होती आणि मग गोल झाली, हे ठेवायचं की काढायचं यावर ते म्हातारपणी अडून बसले होते. एवढा मोठा माणूस अडतो तर खानापूरच्या पावसाला थोडी सूट द्या की.

आता माझं भांडण पावसाशी. दादा, तुमच्या डोंगरकरांची नावं वीरसेन, ऐश्वर्या. मीठकरांची मात्र सगळी कानडी वळणाची, -आप्पा आणि -व्वा. आणि दगड "उलटा" वाचणारे तेच. माझ्या माहेरी अर्धे लोक यल्लाप्पा-कल्लाप्पा आहेत आणि घरात मराठीच बोलतात. आज्जी नवस मराठीत बोलायची आणि आरती कन्नडात म्हणायची, देवीला कधी अडचण आली नाही. ही नावं तुम्हाला परकी वाटली कशी? तुमच्याच घरात हुडका, निघतील चार.

खानापूरचा_पाऊस
ताई, कान धरला. आजोबांचं नावच -आप्पा होतं. इतक्या वर्षांत लक्षात आलं नाही. सगळ्यांची नावं मिसळतो.

येळ्ळूरचा
कवापास्नं वाचायलोय, आता बोलतोच. खरं कुठलं आणि खोटं कुठलं ते ऱ्हाऊ दे बाजूला. सत्तर पानं नदी आणि दगड, माणूस कुठाय? मी पंधराव्या पानावर झोपलो.

आमच्याकडं वर्षभर कुणाला देवाची गोष्ट आठवत नाही. जत्रा आली, पालखीला पहिला खांदा कुणाचा हे निघालं, की लगेच पुराण बाहेर. हे म्हणणार देव आमच्या शेतात सापडला, ते म्हणणार सापडला तुमच्यात पण उचलला आमच्या बैलानं. गोष्ट उगाच कोण सांगत नाही रे, सांगणाऱ्याला काहीतरी पाहिजे असतंय. तुझ्या मीठकरांना काय पाहिजे ते सांग की पयला. मिठाचा कर माफ पाहिजे काय? घाटातली वाट पाहिजे काय? मग तो दगड मला पण वाचूशी वाटंल.

निपाणीचे_मास्तर
येळ्ळूरकरांनी लाखातली गोष्ट सांगितली. राजानं तलवारीच्या बळावर मिळवलेलं राज्य शंकराच्या घामाच्या नावावर चढवलं, तेही एक प्रकारे सातबाऱ्यावर नाव लावणंच.

तिसरं_गेट_टिळकवाडी
मान्य. पण माझ्या प्रश्नाला सगळे वळसा घालायलेत. नववं प्रकरण. देवी समोर उभी आहे. मानपानाचं भांडण असो नाहीतर मिठाच्या कराचं, साक्षीदार हजर आहे. तिला विचारणार की नाही?

खानापूरचा_पाऊस
काल रात्री लाईट गेली होती तेव्हा यावर विचार केला. पहिली सत्तर पानं काढली. दगड राहतो, पण तो आता घाटाच्या नाक्यावर आहे. खालून वाचला तर वाट डोंगरकरांची, कारण वीर त्यांचा. वरून वाचला तर मीठकरांची, कारण देव त्यांच्या अंगणात उतरला. येळ्ळूरचा, हे तुझं.

आणि गेट, नावाडी आता विचारतो. ऐनी तोंड उघडते आणि आवाज निघत नाही. तिच्याच पाण्यातली शपथ तिनंच मोडलेली आहे. कुणाला दिलेली, कधी, ते मी ठरवलंय. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून पान चिकटवून टाकलंय.

तिसरं_गेट_टिळकवाडी
म्हणजे तुला माहीत आहे! मी जिंकलो.

शहापूरची_सून
वाचकाला सांगणार नाहीत ना? मग मी जिंकले.

येळ्ळूरचा
पान कशानं चिकटवलंस? भाताच्या शितानं असंल तर झुरळ खातंय बघ, पुराणासकट.

खानापूरचा_पाऊस
डिंकानं. रविवारी सकाळी हलशीला जातोय, भूवराह नरसिंहाचं देऊळ आणि मास्तरांचे कदंब बघायला. गाडीत दोन जागा आहेत.

तिसरं_गेट_टिळकवाडी
एक माझी. वही आण.

खानापूरचा_पाऊस
वही घरी राहणार.