ड्रेसिंगच्या वेदनेसाठी व्हीआर हेडसेट: कुणी वापरलाय का?

मीनल_क
माझ्या भाचीचा (वय ११) उजवा हात उकळत्या आमटीने भाजलाय. जखम भरतेय, पण ड्रेसिंगला पोर इतकी कळवळते की ताईला खोलीत थांबवत नाही. आधी वेदनाशामक देतात, तरी पट्टी सोडवताना त्रास होतोच. व्हीआर गेमने (डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी जगात खेळायचा गेम) वेदना कमी जाणवतात असं वाचलं. उपयोग होतो का? की साधा टॅब पुरेल?

अनुराधा_फिजिओ
होतो, मीनल. हे तंत्र भाजलेल्या रुग्णांवरच आधी वापरलं गेलं. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या संशोधकांनी १९९०च्या दशकात हे सुरू केलं. त्यासाठी 'स्नोवर्ल्ड' हा गेम तयार झाला. बर्फाळ दरीतून जाताना पेंग्विन नि हिममानवांवर बर्फाचे गोळे मारायचे, आणि तिकडे ड्रेसिंग चालू. लक्ष खेळात गुंतलं की वेदनेकडे कमी उरतं. मेंदूचा एमआरआय करताना निरोगी माणसांना थोडा चटका देऊन पाहिलं, तर खेळताना वेदनेशी संबंधित भागांतली सक्रियताही घटलेली दिसली.

निवडताना एकच बघा: तिला स्वतः काही करावं लागेल असा गेम हवा. नुसता व्हिडिओ पाहण्यापेक्षा खेळण्याने जास्त आराम पडतो. डाव्या हाताने, एका बटणावर चालणारा, बसून खेळायचा. वेगाने फिरणारी दृश्यं नकोत, मळमळतं.

सावंत_रत्नागिरी
आमच्या मुलाच्या वेळी टॅबवर भागवलं. मी तो जखम आणि चेहरा यांच्या मधे धरायचो. जखम दिसली नाही की निम्मी भीती जाते. "थांबा" म्हटलं की सिस्टर थांबतील हेही आधी ठरवा. महागडं काही घेण्याआधी हे करून बघाच.

प्राची८
आईच्या जुन्या कंबरदुखीला चालेल का हे?

अनुराधा_फिजिओ
प्राची, तिथे नुसतं लक्ष वळवून भागत नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) २०२१मध्ये कंबरदुखीसाठी एका व्हीआर उपचाराला परवानगी दिली, तो आठ आठवड्यांचा आहे. श्वास, शिथिलीकरण, वेदनेकडे बघण्याची सवय बदलणं असं रोज थोडं शिकवतात. आईंचा व्यायाम बंद करू नका.

मीनल, भाचीचं औषध तसंच चालू राहू द्या, व्हीआर त्याच्या जोडीला. फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट नको. चेहऱ्याला टेकणारा भाग दर वेळी पुसता यायला हवा, उघड्या जखमेजवळ संसर्गाची भीती असते.

मीनल_क
खूप आभार! फिट्स नाहीत. पुढच्या ड्रेसिंगला टॅब मी धरेन, "थांबा"चं सिस्टरांशी आधीच बोलते. डाव्या हाताने खेळायचे गेम माहीत असतील तर नावं नक्की सांगा.