'वरून आले की देतो', मग कमिशन कशाचं?

रावपुरेकर:
काल इथे कुणीतरी लिहिलं, 'एजन्सीमार्फत कॉन्ट्रॅक्ट घ्या, वसुलीची कटकट त्यांची.' वाचून डोकं फिरलं. मी पाईपिंग डिझायनर. पाईपची आयसोमेट्रिक (त्रिमितीय) ड्रॉइंग काढा, टाइमशीटवर क्लायंटच्या लीडची सही घ्यायला मागे फिरा, बिल लावा आणि मग ऐका, 'वरून आले की देतो.' म्हणजे क्लायंटने एजन्सीला दिले की मग मला. करारात तसं कलमच आहे. जोखीम माझी, मार्जिन त्यांचं!

मकरपुरावाला:
ती पोस्ट माझी. रिफायनरीचं काम तुम्हाला एकट्याला कोण देणार होतं? त्यांच्या पुरवठादार यादीत नाव लावायच्या व्हेंडर रजिस्ट्रेशनमध्येच दम निघाला असता. उशिरा का होईना, माझे पैसे येतात. आणि कलम वाचूनच सही केलीत ना?

सीएताई:
छोट्या व्यावसायिकांची सरकारी 'उद्यम' नोंदणी आहे का कुणाची? 2006 च्या एमएसएमई कायद्यात करार काहीही म्हणो, 45 दिवसांपलीकडे मुदत नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. पण नोंदणी कामाआधीची असलेली बरी. थकल्यावर धावत येतात सगळे.

रावपुरेकर:
तक्रार केली की पुढचं काम बंद. त्या व्याजाचं काय लोणचं घालू? शिवाय बिल लावलं की 18 टक्के जीएसटी भरायचाच, पैसे येवोत न येवोत.

सीएताई:
उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नंबर घ्यायला कुणी सांगितलं?

रावपुरेकर:
एजन्सीनेच. नंबर नाही तर काम नाही म्हणे.

दांडियाबाजार:
खरं दुखणं म्हणजे आपल्या बडोद्याच्या मराठी माणसाला पैसे मागायची लाज. थकलेल्या बिलाच्या मेलखाली 'सवडीने पाहावे' लिहिणारे आपण! सयाजीरावांच्या काळापासून नोकरदार. माझा गुजराती शेजारी अ‍ॅडव्हान्सशिवाय फाईल उघडत नाही.

मकरपुरावाला:
आलं मराठी-गुजराती! माझी एजन्सी मराठी माणसाचीच आहे. कमिशन कापताना लाजलेला पाहिला नाही कधी.

दांडियाबाजार:
तो अपवाद. माझ्या काकांनी आयुष्यभर उधारीवर नकाशे काढले...

रावपुरेकर:
काका राहू द्या हो! इथे माझं बिल अडलंय.

गोरवा_गल्ली:
आमच्या दिराचे पैसे आले, टीडीएस कापून. आयकर खात्याच्या 26एएसमध्ये, म्हणजे जमा टीडीएसच्या पत्रकात, बघतो तर शून्य. एजन्सीने भरलाच नव्हता. फोन उचलत नाहीत.

मकरपुरावाला:
बरं बाबा, 'वरून आले की' खोडून '45 दिवस' लिहून मागतो पुढच्या करारात. एजन्सीने मान्य केलं तर पेढे माझ्याकडून.

रावपुरेकर:
आणि तुमचं दिवाळीआधीचं बिल?

मकरपुरावाला:
येतंय म्हणालेत.