रंगाआधी कंबर पाहावी

घरातल्या बारीक मुंग्यांची जात रंगावरून ओळखता येते, हे मत मला पटत नाही. जेमतेम दोन मिलिमीटरच्या मोनोमोरियम फ्लोरिकोला आणि टॅपिनोमा मेलानोसेफॅलम या दोन्ही मुंग्या काळपट-फिकट अशा दुरंगी असल्याने साखरेच्या डब्यापाशी त्या एकच वाटतात; परंतु दहापट भिंगाखाली पहिलीच्या कमरेला दोन स्पष्ट गाठी दिसतात, तर दुसरीची एकच चपटी गाठ पोटाखाली झाकलेली असते. शिवाय दुसरी चिरडल्यास खवट खोबऱ्यासारखा वास येतो.

खरा कस लागतो तो मोनोमोरियमच्याच दोन जातींत. फ्लोरिकोला आणि फॅरोनिस या दोन्हींच्या शृंगिकांना (डोक्यावरच्या मिशांना) बारा पेरे असून त्यांतील शेवटची तीन फुगीर असतात, त्यामुळे पेरे मोजून निर्णय होत नाही. अशा वेळी मुंगी काही मिनिटे फ्रीजमध्ये ठेवून शांत करावी आणि डोक्यावर तिरपा प्रकाश पाडावा: फ्लोरिकोलाचे डोके गुळगुळीत चकाकते, तर फॅरोनिसचे डोके व छाती दाट, सूक्ष्म खळग्यांमुळे निस्तेज दिसतात. फॅरोनिसचा पिवळसर रंग हा त्यानंतरचा दुय्यम पुरावा मानावा.