विषय: रविवारचा भोंडला – रस्ता बंद, फटाके आणि हॉलचं किचन

केतकी (फुकेत टाऊन), सोमवार रात्री

मंडळी,

आत्ताच हॉलच्या मालकीणबाईंचा फोन येऊन गेला. आपला रविवार म्हणजे नेमकी त्यांच्या ‘किन चे’ची, म्हणजे इथल्या चिनी लोकांच्या नऊ दिवसांच्या शाकाहारी उत्सवाची, निरोपाची रात्र. संध्याकाळी ५ नंतर हॉलच्या गल्लीत गाडी सोडणार नाहीत, आणि एकदा आत लावलेली गाडी मध्यरात्रीपर्यंत बाहेर काढता येणार नाही.

दुसरं, त्यांचं किचन नऊ दिवस पूर्ण ‘चे’ आहे. मांस-मच्छी-अंडं तर नाहीच, पण कांदा, लसूण, दूध, दही, तूप यातलं काहीही आत न्यायचं नाही. डब्यातून आणलं तरी नाही.

तिसरं फटाके. त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

गेल्या वर्षी हा घोळ झाला नव्हता. २०२५ मध्ये चिनी पंचांगात अधिक महिना होता, त्यामुळे त्यांचा उत्सव पुढे जाऊन थेट लक्ष्मीपूजनाला सुरू झाला. यंदा परत नवरात्रात आलाय. तारीख कमिटीने जूनमध्येच ठरवली होती, तेव्हा त्यावर आता वाद नको. वेळ अलीकडे घ्यायची की जागा बदलायची, एवढंच सांगा. बुधवारपर्यंत. अनामत परत मिळायची मुदत बुधवारीच संपते.

हत्ती माझ्याकडे आहे.

सुधीर, सोमवार रात्री

जागा बदला. यात विचारण्यासारखं काय आहे?

ज्यांची घरं मिरवणुकीच्या रस्त्यावर नाहीत त्यांना हे सगळं ‘कल्चर’ वाटतं. आमच्याकडे सकाळी ७ च्या सुमाराला पहिली पालखी येते आणि पुढचे दोन तास माळांवर माळा. धूर घरात येतो, खिडक्या बंद केल्या तरी येतो. आईला आधीच कमी ऐकू येतं, पण फटाका बरोबर ऐकू येतो, दर वेळी दचकते. कुत्रा न्हाणीघरातून बाहेर यायला तयार नाही. रात्री ढोल आणि झांजा. हे एक दिवस नाही, नऊ दिवस.

कोणाच्या श्रद्धेला माझा विरोध नाही. पण शाळा आणि दवाखान्यासमोर तरी माळा लावू नका, असं नगरपालिकेला एक साधं पत्र लिहायला काय हरकत आहे? मसुदा मी करतो. सह्या कोण कोण देणार?

मंदाकाकू (कातू), मंगळवार सकाळी

सुधीर, तू लक्ष्मी रोडवर वाढलास ना रे? विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरासमोरून चाललेली असायची. तेव्हा कोणाला पत्र लिहिलं होतंस?

हे लोक १८२५ पासून हा उत्सव करताहेत असं इथे सांगतात. सुरुवात आमच्या कातूतली. कथिलाच्या खाणींवर राबणाऱ्या चिनी मजुरांसाठी नाटक मंडळी आली होती, ती तापाने आजारी पडली. नऊ देवांचं व्रत केलं, शाकाहार पाळला आणि बरी झाली, अशी कथा आहे. तेव्हापासून दर वर्षी. आपण इथे येऊन किती वर्षं झाली?

मी दर वर्षी पांढरे कपडे घालून रस्त्यावर उभी राहते. आमच्या समोरच्या आजी दारात टेबल मांडतात. लाल कापड, नऊ छोटे चहाचे पेले, अननस, संत्री, उदबत्त्या. अंगात आलेले मा सोंग येतात, टेबलापाशी थांबतात, एखादा पेला पितात, एखादं संत्रं उचलून शेजारच्या लहान पोराच्या हातात ठेवतात. मग मागून पालखी. ती उचलणारी मुलं विशी-बाविशीची, डोक्याला आणि तोंडाला टॉवेल गुंडाळलेले, कानात बोळे. बांबूला टांगलेली फटाक्यांची माळ कोणीतरी बरोबर त्यांच्या डोक्यावर धरतं आणि ती पोरं तिथून हलत नाहीत, पालखी जागच्या जागी नाचवतात. माळ संपली की पाठीवर लाल कागदाचे तुकडे चिकटलेले, आणि आजी पंचा ओला करून त्यांच्या मानेवर ठेवतात. दर वर्षी ठेवतात.

खरं सांगते, मा सोंगांच्या गालातून आरपार घातलेल्या सळ्या मला अजूनही बघवत नाहीत. तेवढ्यापुरती मी मान वळवते. पण पत्रावर सही देणार नाही.

आणि सुधीर, तुझा डबा हे नऊ दिवस रानोंग रोडच्या पिवळ्या झेंड्याखालच्या गाड्यांवरून येतो, हे सगळ्या मंडळाला माहीत आहे.

सुधीर, मंगळवार सकाळी

काकू, डब्याचा इथे काय संबंध? डबा चांगलाच असतो. कांदा-लसणाशिवाय इतकं चविष्ट जेवण मला पुण्यातही मिळालं नाही. ‘चे’ खाण्याबद्दल मी कधीच काही बोललेलो नाही. मुद्दा आवाजाचा आहे.

आणि लक्ष्मी रोडवर लहानपणी ढोल ऐकले म्हणून जन्मभर कोणीही कानाशी काहीही फोडावं असा परवाना मी दिलेला नाही.

राजू (खोन केन), मंगळवार दुपारी

सुधीरभाऊ, इसानमध्ये, म्हणजे इकडे ईशान्य थायलंडला, येऊन राहा. फुकेत शांत वाटायला लागेल.

आमच्याकडे मे महिन्यात बँग फाय, म्हणजे रॉकेट. मोठा सोहळा यासोथोनला, पण लहान लहान गावांतही असतो. पाऊस पाड म्हणून वर आकाशातल्या फाया थेन देवाला आठवण करून द्यायची. १२ किलो दारूचं रॉकेट म्हणजे किरकोळ, १२० किलोचंही असतं. ज्यांचं उडत नाही त्यांना सगळं गाव मिळून चिखलात ढकलतं. मला एकदा ढकललंय, माझा रॉकेटशी काही संबंध नसताना.

ते निदान वर्षातून एकदा. भिक्खू होणाऱ्या मुलाची वरात असली की पुढे ट्रक, ट्रकवर स्पीकरची भिंत, त्यावर मोलाम, म्हणजे इकडची लोकगाणी. घराच्या काचा वाजतात. तीनच घरं पलीकडे कोणी वारलं तर रात्र-रात्र लाउडस्पीकर. आणि बाकीच्या दिवशी सकाळी ६ ला गावच्या मुखियाचा भोंगा: पाणी कधी जाणार, कोणाची गाय हरवली.

सुरुवातीला मी सासूबाईंना म्हणालो, जरा कमी नाही का करता येणार. त्या म्हणाल्या, आवाज आला नाही तर लोक विचारायला येतील, घरात काही बिनसलंय का. तेव्हापासून गप्प आहे. वरातीत नाचतोही.

भोंडल्याबद्दल काही म्हणायचं नाही, आम्ही येणार नाही आहोत.

अश्विनी, मंगळवार दुपारी

नाचण्याची गोष्ट बाजूला ठेवून एक सांगते. थायलंडच्या निकषात २४ तासांची सरासरी ७० डेसिबल आणि कुठल्याही क्षणाची कमाल ११५ डेसिबल धरली आहे. माळ डोक्यावर फुटते तेव्हा काय होत असेल ते आपणच समजा. मोठ्या माणसांनी हौसेने उभं राहावं, हरकत नाही. पण पाच वर्षांखालच्या मुलांना आणि तान्ह्यांना त्या गर्दीत नेऊ नका. कापसाच्या बोळ्याने फारसा फरक पडत नाही. बांधकामावरचे कामगार वापरतात ते कानावर बसणारे मफ मुलांच्या मापातही मिळतात. होमप्रोच्या दुकानात बघा.

पत्राबद्दल माझं मत नाही.

निनाद (सचिव, बँकॉक), मंगळवार संध्याकाळी

नमस्कार,

दोन गोष्टी नोंदवतो.

१) नगरपालिकेला, देवळाला किंवा कोणत्याही सरकारी कचेरीला मंडळाच्या नावाने किंवा या लिस्टवर सह्या गोळा करून पत्र जाणार नाही. सुधीर यांनी वैयक्तिक लिहिलं तर तो त्यांचा प्रश्न. २०१८ मध्ये बँकॉकला वात साईची गोष्ट आठवा. शेजारच्या कॉन्डोतून पहाटेच्या घंटेबद्दल तक्रार गेली, जिल्हा कचेरीने देवळाला आवाज कमी करा असं पत्र पाठवलं, आणि देशभर असा गहजब झाला की कचेरीलाच माघार घ्यावी लागली. घंटा आधीची, कॉन्डो नंतरचा, असं लोकांचं म्हणणं. आपण तर कॉन्डोपेक्षाही नंतरचे.

शिवाय आपल्यालाही फार बोलता येत नाही. विजयादशमीला सिलोमच्या मारिअम्मन देवळाची मिरवणूक निघते तेव्हा अख्खा सिलोम रोड बंद असतो. रस्ताभर झेंडू, फुटलेले नारळ, रात्री उशिरापर्यंत वाद्यं. तिथल्या दुकानदारांना आणि दवाखान्यांना आपण कधी विचारलंय? आणि आपल्या गणपतीत ढोल आणले होते तेव्हा कॉन्डोच्या ऑफिसने काय ऐकवलं होतं ते इथे पुन्हा लिहीत नाही.

२) अनामत मंडळाच्या खात्यातून गेली आहे. त्यामुळे जागा बदलायचा निर्णय कमिटीचा, फुकेत गटाचा नाही.

केतकी, मंगळवार रात्री

निनाद, अनामत माझ्या खात्यातून गेली आहे. मंडळाकडून अजून यायची आहे. पावती ऑगस्टमध्येच पाठवली होती.

आणि मंडळी, मी गाड्यांबद्दल विचारलं होतं. रॉकेटबद्दल नाही.

प्रज्ञा, मंगळवार रात्री

मी खिरापतीचं बघतेय म्हणून विचारते. तूप नाही म्हणजे गुळपापडी गेली, रव्याचा लाडू गेला, शिरा गेला. दही नाही म्हणजे कोशिंबीर गेली. साबुदाण्याची खिचडी शेंगदाणा तेलात चालेल ना? नारळाच्या दुधातली तांदळाची खीर चालेल असं वाटतं, नारळाचं दूध म्हणजे दूध नव्हे. भेळ कांद्याशिवाय करायची तर मी करणार नाही, ती भेळच नव्हे. कोणीतरी मागच्या वेळी न सांगता पावभाजी आणली होती, तसं प्लीज या वेळी नको. त्या बाईंचं व्रत मोडेल.

मंदाकाकू, बुधवार सकाळी

खिचडी चालेल. जिरं, मिरची, कूट, सगळं चालतं. पाच वासाच्या भाज्या वर्ज्य, कांदा-लसूण आणि त्यांच्या घरातल्या पाती-बिती. आपल्याकडे नवरात्रात निम्म्या घरांत तेच असतं. तूप तेवढं अवघड आहे. मी एकदा समोरच्या आजींना तुपातला लाडू दिला होता. त्यांनी हसून घेतला, आणि दहाव्या दिवशी खाल्ला.

कढई घरून आणू नका, बाई त्यांचीच देतील. आपल्या कढईत कधी काय तळलंय हे त्यांना ठाऊक नाही.

सुधीर, बुधवार सकाळी

निनादच्या मुद्दा १ बद्दल. मिरवणूक बंद करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. दवाखान्यासमोर माळ लावू नका एवढं म्हणणारा माणूस लगेच ‘कॉन्डोवाला’ होतो, हे मला पटत नाही. भारतातही रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदीचे नियम २००० पासून आहेत. ते आपल्याच लोकांनी भांडून पाळायला लावले, आणि भांडणाऱ्यांना तेव्हाही धर्मबुडवे म्हणत होते. थाई लोकांतही कंटाळलेले असतात, माझ्या ऑफिसमधली फुकेतचीच मुलगी हे नऊ दिवस क्राबीला मावशीकडे जाते. पण ती मोठ्याने म्हणू शकते, मी म्हटलं की ‘परत जा’.

असो. पत्र मी माझ्या नावाने थाईमध्ये करून घेतोय. मंडळाचा उल्लेख नसेल.

भोंडल्याची वेळ दुपारची असेल तर आईला आणतो. तिला यायचंच आहे. पण ५ च्या आत निघणार, त्या रात्री आम्ही खाओ लाकला आहोत, कुत्र्यासकट.

केतकी, बुधवार दुपारी

चला, ठरलं. मालकीणबाईंशी बोलले. त्यांनीच सुचवलं: २ ला सुरू करा, ५ ला आटपा. गाड्या सपान हिनच्या बाजूला अजिबात नेऊ नका, सगळ्या देवळांचे देव रात्री तिकडेच समुद्राला जायचे आहेत. बसस्टँडजवळ लावा, तिथून एक स्थानिक पिकअप त्यांचा भाचा फिरवेल, माणशी २० बाट.

ज्यांना थांबायचंय त्यांच्यासाठी वरची गॅलरी रात्री उघडी ठेवणार आहेत. पांढरे कपडे घाला म्हणाल्या. काकू, प्रज्ञा, मी आणि मुलांपैकी मोठी चार जणं थांबतोय. अश्विनी, मफ किती मिळाले ते कळव. काचा लावल्या तरी धूर येतो, दम्याचं कोणी असेल तर थांबू नये.

जागा बदलत नाही, त्यामुळे अनामतीचा प्रश्न नाही. माझ्या पैशांचा आहे.

निनाद, बुधवार दुपारी

पावती पुन्हा पाठवा. ऑगस्टची मेल कमिटीच्या जुन्या पत्त्यावर गेली असावी.

राजू, बुधवार दुपारी

त्या पत्राचा थाई मसुदा पाठवाल का? सासूबाईंना दाखवतो. त्यांनी भाषा सौम्य केली तर निदान कोणी फाडणार नाही.

प्रज्ञा, बुधवार संध्याकाळी

साबुदाणा मी भिजवते. तीन किलो पुरेल का ते सांगा. आणि शेंगदाण्याचं कूट कोण आणतंय? हे अजून कोणीच बोललेलं नाही.