तज्ज्ञ, निष्णात, पटाईत, वाकबगार... हाताने काम करणाऱ्या माणसासाठी नेमका कुठला शब्द?

शाईपेन:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आमच्या वर्कशॉपमधले सगळ्यात सिनियर टर्नर काका (लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरता ठेवून टूलने कापायच्या मशीनवर काम करणारे) रिटायर होतायत आणि त्यांचं मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलंय. पहिला मसुदा वाचून बघितला तर जिथेतिथे 'तज्ज्ञ', लेथचे तज्ज्ञ, मोजमापातले तज्ज्ञ, आणि काका काही त्यात दिसत नाहीत, टीव्हीवर चर्चेला बोलावलेलं कोणीतरी वाटतं. 'कुशल' म्हणावं तर किमान वेतनाच्या तक्त्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे वर्ग असतात ना, शॉपमध्ये ते सगळ्यांना पाठ, म्हणजे ऐकणाऱ्याला पगाराची ग्रेडच आठवणार. साहेब म्हणतात 'निष्णात' टाका, वजनदार आहे. एका मित्राने 'पटाईत' सुचवलाय.

मला काय सांगायचंय ते लिहिते. वेडंवाकडं कास्टिंग (ओतीव तुकडा) फोर जॉ चकमध्ये, म्हणजे चार सुट्या जबड्यांच्या पकडीत धरायचं, डायल (बारीकसा फरकही काट्याने दाखवणारं मापक) लावायचा आणि एक जॉ सैल एक घट्ट करत जॉब, म्हणजे तो तुकडा, सेंटरला आणायचा, यात बाकीच्यांचा घाम निघतो. काका दोनतीनदा चावी फिरवतात की डायलचा काटा जागचा हलत नाही. पाठ करून उभे असले तरी कट चालू असतानाच्या आवाजावरून सांगतात की टूलची धार गेली, काढून ग्राइंड कर. अशा माणसाला आपण मराठीत काय म्हणतो?

अनुस्वार:
ताई, साहेबांचा शब्द चुकीचा नाहीये पण त्याची जागा वेगळी आहे. निष्णात हा 'स्ना' या धातूवरून आलाय, स्नान आणि स्नातक पण त्याच घरातले, म्हणजे त्या विषयात अगदी न्हाऊन निघालेला. पारंगत म्हणजे पैलतीराला पोचलेला. अर्थ दोन्हीचे सुंदर आहेत, पण वापर बघा, निष्णात म्हटलं की पुढे डॉक्टर, सर्जन, वकील येतो आणि पारंगत म्हटलं की शास्त्र, भाषा, संगीत. एम.फिल.ला मराठीत विद्यानिष्णात म्हणतात त्यावरूनच कळेल की या शब्दाला अभ्यासाचा, ग्रंथांचा वास आहे. निपुण, प्रवीण पण बरेचसे प्रमाणपत्रावरचेच राहिलेत, घरात कोणी 'ती स्वयंपाकात निपुण आहे' असं म्हणताना मी तरी ऐकलं नाही, तिच्या हाताला चव आहे असंच म्हणतात.

आणि हो, 'तज्ज्ञ' कुठे ठेवलाच तर त्यात ज दोनदा हवा, तत् + ज्ञ. बॅनरवर सर्रास 'तज्ञ' छापतात, मानपत्र फ्रेम होऊन भिंतीवर लागणार म्हणून आधीच सांगतोय.

चकचावी:
मी स्वतः मशीन शॉपमध्ये काम करतो त्यामुळे राहवलं नाही. आमच्याकडे असल्या माणसाला कोणी विशेषण लावत नाही हो, 'त्यांचा हात बसलाय' म्हणतात, नाहीतर 'हा जॉब काकांच्या हातचा आहे' म्हटलं की इन्स्पेक्शनवाला पण निर्धास्त. फार झालं तर उस्ताद. तुम्ही जे फोर जॉ चकचं लिहिलंय ना तेच मानपत्रात जसंच्या तसं टाका, शॉपमधला प्रत्येक माणूस मान डोलवेल. शब्दच हवा असेल तर कसबी कारागीर. पण दोन्ही एकत्र लिहा, नुसतं कसबी नको, कारण जुन्या वापरात कसबीण म्हणजे वेश्या असा अर्थ होता आणि वयस्कर माणसांच्या कानाला ते खटकू शकतं.

ओळखीचा_वाचक:
पटाईतबद्दल. मूळ शब्द चांगला मर्दानी आहे, पटा म्हणजे दांडपट्टा, तो चालवण्यात तयार असलेला तो पटाईत. पण आज बोलण्यात 'थापा मारण्यात पटाईत', 'कामं टाळण्यात पटाईत' हेच जास्त कानावर पडतं, कौतुक असलं तरी त्यात थोडी चेष्टा मिसळते. मित्राला खुशाल म्हणा, स्टेजवरून ज्येष्ठांना नको. तरबेज जरा बरा, पण त्यालाही थापांची सवय लागलीये. सराईत तर अजिबात नको, पेपरात सराईतच्या पुढे गुन्हेगारच येतो, अट्टलच्या पुढे चोर येतो तसा.

अनुस्वार:
सराईतवर थोडा अन्याय होतोय असं वाटतं. 'ती सराईतपणे गाडी चालवते' यात कुठे गुन्हेगार आला? विचार न करता हात आपोआप चालतो ही छटा दुसऱ्या कुठल्याच शब्दात इतकी नेमकी नाही आणि टर्नर काकांचं वर्णन तेच तर आहे. माणसाला सराईत म्हणू नका हे मान्य, पण 'सराईतपणे' किंवा 'सराईत हातांनी' बिनधास्त लिहा.

ओळखीचा_वाचक:
हे पटलं. सराईत हात चालेल, उलट चांगलं वाटेल.

शाईपेन:
खूप खूप आभार सगळ्यांचे, केवढं काही मिळालं! नवीन ओळी अशा केल्यात, बघा बरं:

'वेडंवाकडं कास्टिंगही ज्यांच्या सराईत हातांनी पाहता पाहता सेंटरला यावं, कटच्या आवाजावरून ज्यांनी टूलची धार ओळखावी, असे आपल्या शॉपमधले हे मुरब्बी, कसबी कारागीर. थ्रेडिंगमध्ये तर ते हातखंडा आहेत.'

(थ्रेडिंग म्हणजे आटे पाडणं.) वाकबगार कुठे बसेल का? शब्द मला फार आवडतो.

अनुस्वार:
छान झालंय, पण शेवटचं वाक्य दुरुस्त करा. हातखंडा माणूस नसतो, माणसाचा असतो, 'थ्रेडिंगमध्ये तर त्यांचा हातखंडा आहे' असं हवं. वाकबगार इथे नका घालू, तो 'वाकिफ' म्हणजे माहीतगार यावरून आलाय, त्याचा भर जाणण्यावर आणि खाचाखोचा ठाऊक असण्यावर. ते नवीन पोरांना ड्रॉइंग वाचायला शिकवत असतील तर तिथे 'ड्रॉइंगमधल्या बारकाव्यांत वाकबगार' मस्त बसेल.

चकचावी:
मुरब्बी पण काढा ताई, तो राजकारण्यांना लावून लावून डावपेचवाला झालाय. मुरलेले लिहा, 'लेथवर मुरलेले कारागीर'. आणि शिकवण्याचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पोरांची नावं मानपत्रात नक्की घाला, जमलं तर वाचायलाही त्यांच्यातल्याच एकाला उभं करा.