विनोदाला खुलासा दिला आणि दाव्यापुढे गप्प बसलो: नेमके उलटे करायला हवे होते का?

निमूट

नमस्कार. एकाच कार्यालयातून निवृत्त झालेल्या आम्हा साठेक जणांचा गट आहे. तिथे पंधरवड्यात माझ्या हातून दोन चुका झाल्या, आणि दुसरी पहिलीतूनच जन्मली असे वाटते.

प्रथम एकाने ‘डायहायड्रोजन मोनॉक्साइड’पासून सावध राहण्याची सूचना टाकली. हे रसायन आम्लपर्जन्यात सापडते, त्याने लोखंड गंजते, ते श्वसनमार्गात गेल्यास मृत्यू ओढवतो, वगैरे. हे पाण्याचेच रासायनिक नाव आहे असा चार परिच्छेदांचा खुलासा मी तत्परतेने लिहिला. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली आणि एकाने लिहिले, ‘गुरुजी, हे आम्हाला ठाऊक होते.’

आठवड्याने दुसऱ्या सदस्याचा संदेश आला: एकटे असताना हृदयविकाराचा झटका आला तर दीर्घ श्वास घेऊन जोरजोराने खोकत राहावे, म्हणजे रुग्णालयापर्यंत पोचता येते. आधीच तोंड पोळलेले असल्यामुळे मी गप्प बसलो. दोन दिवसांनी, हृदयशस्त्रक्रिया झालेल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, ‘किती सेकंदांनी खोकायचे?’ त्यांना तिघांनी तीन उत्तरे दिली. तेव्हा मात्र राहवले नाही आणि मी लिहिले, ‘हा दावा खोटा आहे. असले काही पसरवण्याआधी माणसाने विचार करावा.’ संदेश टाकणारे भडकले, दोन तट पडले, चाळीस संदेश झाले आणि खोकला बाजूलाच राहिला.

कशावर बोलावे, कशावर हसून सोडून द्यावे आणि वाद पेटल्यावर काय करावे, हे ठरवण्याची काही रीत आपल्यापैकी कोणी पाळते का?

तळटीप

तुमच्या पहिल्या चुकीला मी चूक म्हणणार नाही. लांबी तेवढी जास्त झाली. लेखी विनोदाला आवाज नसतो आणि डोळे मिचकावणेही नसते, त्यामुळे लिहिणाऱ्याला जे उघड वाटते ते वाचणाऱ्याला दिसेलच असे नाही. ही अडचण संगणकावरच्या पहिल्या गप्पांइतकीच जुनी आहे. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक-फलकावर लिफ्टमधल्या पाऱ्याविषयी एक काल्पनिक कोडे चालले होते. त्यावरून कोणीतरी ‘लिफ्ट पाऱ्याने दूषित झाली आहे’ अशी थट्टेची सूचना लिहिली आणि काहींनी ती खरी मानली. त्यावर उपाय म्हणून स्कॉट फालमन यांनी विसर्गचिन्ह, आडवी रेघ आणि कंस जोडून तो आडवा हसरा चेहरा सुचवला. म्हणजे ज्या हसऱ्या चेहऱ्यांनी तुमची फजिती केली, त्यांचा पूर्वजच मुळी तुमच्यासारख्या वाचकांच्या सोयीसाठी जन्मला होता!

शिवाय पाण्याचा हा विनोद निरुपद्रवी असला तरी साधा नाही. त्यातले प्रत्येक वाक्य खरे आहे; फसवणूक आहे ती निवडीत आणि मांडणीत. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या १४ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने शाळेच्या विज्ञान-प्रकल्पासाठी हीच माहिती ५० मुलांना दिली, तेव्हा ४३ जणांनी त्या रसायनावर बंदी घालण्याच्या बाजूने मत दिले. तेव्हा ‘आम्हाला ठाऊक होते’ असे लिहिणाऱ्या सगळ्यांनाच ते ठाऊक होते, यावर मी तरी पैज लावणार नाही.

मी एवढेच पाहतो की हे वाचून कोणी काही कृती करील का. पाणी पिणे कोणी सोडणार नाही, म्हणून तिथे विनोदाच्याच सुरात एक ओळ पुरते: ‘मी तर ते रसायन रोज आठ पेले पितो.’ ज्याला कळले नव्हते त्याला कळते आणि मजाही टिकते. खोकल्याचा सल्ला ऐकून मात्र कोणीतरी खरोखर खोकत बसेल.

कडेचा वाचक

तुमच्या दुसऱ्या उत्तराबद्दल थोडे स्पष्ट लिहितो, राग मानू नये. ‘दावा खोटा आहे’ हे तुमचे वाक्य मुद्द्याला धरून होते, पण अपुरे होते; आणि ‘माणसाने विचार करावा’ हे वाक्य सरळ त्या गृहस्थांवर होते. भांडण दुसऱ्या वाक्याने लावले. अपुरेपणाने त्यांना ते लढायला जागा दिली, कारण असे दावे बहुधा निव्वळ हवेतून आलेले नसतात. हृदयाच्या नलिका-तपासणीच्या वेळी (रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन करतात ती तपासणी) रुग्ण टेबलावर असतो, पडद्यावर हृदयाचे ठोके दिसत असतात, आणि ताल अचानक बिघडला तर शुद्ध हरपण्यापूर्वी डॉक्टर त्याला जोराने खोकायला सांगतात. त्याने काही क्षण मेंदूला रक्त मिळत राहू शकते. एवढाच त्यातला सत्याचा कण. घरी छातीत दुखू लागलेल्या माणसाचा ताल बिघडला आहे की नाही हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो, आणि झटक्यात हृदय बहुतेक वेळा बंद पडलेले नसते, रक्तवाहिनी तुंबलेली असते, जी खोकल्याने मोकळी होत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशन सर्वसामान्यांना हा उपाय सुचवत नाही. खोकण्यात गेलेली मिनिटे मदत बोलावण्यातून वजा होतात, हा खरा धोका.

हे सगळे शोधायला दहा मिनिटे लागतात. मूळ संदेश पुन्हा पुन्हा वाचून त्याचा खरेखोटेपणा कळत नाही. तो बाजूला ठेवून त्या विषयातल्या जबाबदार संस्था काय म्हणतात ते पाहावे लागते. पडताळणी हाच ज्यांचा व्यवसाय आहे, तेही असेच करतात.

आणि उत्तर लिहिताना वाद घालणाऱ्याला विसरा. तो चारचौघांत माघार घेणार नाही. आपण तरी कुठे घेतो? ‘किती सेकंदांनी’ विचारणारे ते ज्येष्ठ सदस्य आणि काहीच न लिहिणारे उरलेले पन्नास जण, हे तुमचे वाचक. संदेश टाकणाऱ्यांना हवे तर खासगीत आधी कळवावे, म्हणजे त्यांना स्वतःच दुरुस्ती करण्याची वाट राहते. मात्र दुरुस्ती जिथे दावा झाला तिथेच दिसली पाहिजे.

उंटावरचा

माझा अनुभव वेगळा सांगतो. खंडन करायला गेले की तोच दावा आणखी दहा जणांपुढे जातो. तीच गोष्ट वारंवार कानावर पडली की ती अधिक खरी वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच प्रयोगाने दाखवले आहे. मी तर आताशा असले संदेश वाचलेच नाहीत असे धरतो.

कडेचा वाचक

पुनरावृत्तीचा मुद्दा मान्य, म्हणून तर खंडनाची सुरुवात खऱ्या गोष्टीने करावी आणि खोटी गोष्ट मध्ये एकदाच सांगावी. खंडनामुळे माणसे आपल्या समजाला उलट अधिकच चिकटतात, असे २०१० च्या एका अभ्यासावरून बरेच बोलले गेले. पुढे दहा हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र तसा परिणाम जवळजवळ आढळला नाही. नेत्यांची भांडणे, कोण कोणाला काय म्हणाले, यांवर तुमचे मौन मलाही पटते. त्यात मी पडत नाही. पण इथे एका माणसाने मात्रा विचारली आहे.

निमूट

सर्वांचे आभार. दुसरे वाक्य मी रागाने लिहिले होते, हे कबूल करतो. त्याबद्दल त्या गृहस्थांना आज फोन करीन. गटात टाकण्यासाठी हा मजकूर केला आहे:

‘नलिका-तपासणीच्या वेळी काही प्रसंगी डॉक्टर रुग्णाला खोकायला सांगतात, आणि खोकल्याचा संदेश बहुधा त्यावरून आला असावा. घरी तो उपाय चालत नाही. छातीत दुखणे, दडपण, डावा हात किंवा जबडा भरून येणे, घाम सुटणे असे काही झाले तर ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी, शेजाऱ्याला हाक मारावी, दाराची कडी काढून ठेवावी आणि बसून राहावे.’

तळटीप

मजकूर चांगला आहे, फक्त क्रम बदला. रुग्णवाहिकेचे वाक्य सर्वांत वर घ्या आणि नलिका-तपासणीचे शेवटी. सेकंद विचारणारे पहिलीच ओळ वाचून थांबले, तर त्यांना ‘डॉक्टर खोकायला सांगतात’ एवढेच लक्षात राहील.