मदत हवी आहे: जुनी हार्ड डिस्क काढली की नवीन एसएसडीवरून विंडोज सुरूच होईना

नमस्कार मंडळी,

गंगाखेड तालुक्यात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. मशीन एकच: चौथ्या पिढीचा आय-थ्री, 8 जीबी रॅम आणि 1 टीबीची हार्ड डिस्क. ही डिस्क महिन्याभरापासून टिकटिक करायली. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये पिवळा 'कॉशन' आला तेव्हा म्हटलं, आता हिचं काही खरं नाही. परभणीला जाऊन 256 जीबीची साटा एसएसडी आणली. (दिसते 238. दुकानदाराला विचारलं तर नुसता हसला.)

रूफस या प्रोग्रामने पेनड्राइव्ह बूटेबल (त्यावरून विंडोज टाकता येईल असा) केला आणि एसएसडीवर विंडोज 10 टाकलं. जुनी डिस्क तेव्हा आत जोडलेलीच होती, कारण डी ड्राइव्हमध्ये गावातल्या लोकांचे कागद आणि पोरीच्या बारशाचे फोटो आहेत. सगळं झकास चाललं. पूर्वी मशीन सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा, आता बटण दाबून खुर्चीत बसेपर्यंत डेस्कटॉप समोर.

काल जुनी डिस्क कायमची काढावी म्हणून केबल ओढली, तर काळ्या पडद्यावर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. परत जोडली की चालू! बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये) एसएसडीचं नाव दिसतं, पण बूटच्या यादीत घेईना गेलंय. केबल बदलली, पोर्ट बदलला, काहीच फरक नाही. विंडोज एसएसडीवर आहे तर त्याला त्या मरणपंथाच्या डिस्कची गरज का पडावी?

एक विनंती, 'फॉरमॅट मारा आणि परत टाका' एवढं सांगू नका. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर आणि डिजिटल सहीचा टोकन बसवायला दोन दिवस गेलेत.

गोदाकाठ:
एसएसडी चांगली आहे, घाबरू नका. दोन गोष्टी बघून सांगा. रनमध्ये एमएसइन्फो32 टाकून 'बायोस मोड' समोर काय लिहिलंय? आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये 100 एमबीचं 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' (विंडोज सुरू करणाऱ्या फाइलींचा छोटा कप्पा) कुठल्या डिस्कवर आहे?

धागाकर्ता:
बायोस मोड यूईएफआय. 100 एमबीवालं डिस्क 0 वर, म्हणजे जुन्या. एसएसडी डिस्क 1 आहे, तिच्यावर सी आहे पण ईएफआय नावाचं काहीच नाही.

काळी_माती:
विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 लाच संपलाय. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा, तुमचा बसत नाही. सरळ लिनक्स मिंट टाका.

धागाकर्ता:
दादा, घरच्या लॅपटॉपवर मिंटच आहे. पण अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर माझ्याकडे फक्त विंडोजचा आहे. शेतकरी रांगेत उभा असताना प्रयोग कुठं करू?

गोदाकाठ:
मग दुखणं सापडलं. इन्स्टॉल करताना दोन्ही डिस्क जोडलेल्या होत्या. सेटअपला जुन्या डिस्कवर आयतं ईएफआय पार्टिशन मिळालं, म्हणून सुरू होण्याच्या फाइली त्याने तिथंच टाकल्या. घर नवीन, किल्ली मात्र जुन्या वाड्यात राहिली. म्हणून विंडोज टाकताना बाकीच्या डिस्कची केबल काढून ठेवायची असते.

परत टाकायची गरज नाही. आधी फोटो आणि कागद दुसरीकडे उतरवा, मगच पुढचं. जुनी डिस्क जोडलेलीच ठेवून विंडोज सुरू करा. डिस्क मॅनेजमेंटमधून एसएसडीचा सी 300 एमबीने श्रिंक (लहान) करा. मग कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि डिस्कपार्ट (डिस्कचे भाग पाडायची कमांड) चालवा. लिस्ट डिस्क दिली की आकार बघा: 931 ती जुनी, 238 ती नवीन. 238 वालीच सिलेक्ट करा, परत एकदा बघा. 'क्लीन' हा शब्द चुकूनही टाइप करू नका, डिस्क कोरी होते. त्या मोकळ्या जागेत ईएफआय प्रकारचं पार्टिशन तयार करा, फॅट32 मध्ये फॉरमॅट करा, त्याला एस हे अक्षर द्या आणि डिस्कपार्टमधून बाहेर पडा. शेवटी सुरू होण्याच्या फाइली बनवणारी बीसीडीबूट कमांड: आधी सी मधल्या विंडोज फोल्डरचा पत्ता, मग स्लॅश एस आणि एस ड्राइव्ह, मग स्लॅश एफ यूईएफआय. मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहे म्हणून असं लिहितोय, तुम्ही इंग्रजीतच टाइप करा. लाइटचा भरोसा नसेल तर यूपीएसवर करा.

आणि 238 बरोबरच आहे. कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने. दुकानदाराने फसवलं नाही, फक्त समजावून सांगितलं नाही.

धागाकर्ता:
आधी डी ड्राइव्ह भावाच्या एक्स्टर्नल डिस्कवर उतरवायला घेतला. काही फोटोंवर कॉपी अडकायली, चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका शोधून दुरुस्त करणारी कमांड) चालवू का?

गोदाकाठ:
अजिबात नको! मरायला टेकलेल्या डिस्कवर चेकडिस्क म्हणजे आजारी बैलाला नांगराला जुंपणं. जेवढं निघतंय तेवढं आधी काढा. अडकेल ती फाइल सोडून पुढं जा, शेवटी परत एकदा प्रयत्न करा.

धागाकर्ता:
मंडळी, झालं! पहिल्यांदा बीसीडीबूटने 'फेल्युअर व्हेन अटेम्प्टिंग टू कॉपी बूट फाइल्स' म्हणून थोबाडीत मारली. अर्धा तास बेजार. मग लक्षात आलं, एस अक्षर द्यायचंच राहिलं होतं. ते दिलं, परत चालवलं, 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' आलं. मशीन बंद करून जुनी डिस्क काढली, बायोसमध्ये एसएसडीचं 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या नंबरवर घेतलं, आणि सुरू झालं. अंगठा घेतोय, सही होतीय.

फोटो अकरा सोडून सगळे निघाले. त्या अकरांत बारशाचे चार आहेत, बायकोला अजून सांगितलं नाही. डिस्क कपाटात ठेवलीय. थोडे दिवस थांबून परत जोडली तर निघण्याची काही आशा आहे का, का डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यावी?

गोदाकाठ:
तुम्ही स्वतः परत जोडू नका. दर वेळी फिरली की अजून थोडी जाते. चार फोटोंसाठी पैसे मोजायची तयारी असेल तर रिकव्हरीवाल्याकडे द्या. पण त्याआधी व्हॉट्सॲपवर पाहुण्यांना विचारा, बारशाचे फोटो कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलमध्ये असतीलच.